‘होऊन जाईल जी’

मी आता मुर्रीला राहतो. गोंदिया शहर कुठं संपतं आणि मुर्री गाव कुठं सुरू होतं, हे रस्त्यानं येणाऱ्याला कळत नाही. दुकानांची रांग थोडी विरळ होते, धानाचे बांध दिसू लागतात, एवढंच. शहरात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर काढेपर्यंत गिऱ्हाइकाला बसून राहावं लागतं आणि बसलेला माणूस बोलतो. नालीचं, नळाचं, रेशनचं, सगळं बोलतो. ऐकता ऐकता मी एकाचा अर्ज लिहून दिला, मग दुसऱ्याचा. असा मी नव्वदच्या दशकात नगर परिषदेत पोहोचलो.

पाच निवडणुका लढलो. चार जिंकलो, एक हरलो. चार टर्म म्हणजे वीस वर्षं. 2022 च्या सुरुवातीला शेवटची टर्म संपली आणि मुलानं मुर्रीला बांधलेल्या घरात आम्ही दोघं आलो. गोंदियाची नगरपालिका 1920 सालची. मनोहरभाई पटेलांसारखा माणूस तिचा अध्यक्ष होता. त्यांनी 1958 मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली आणि एका दिवसात 22 शाळा उघडल्या, ही गोष्ट गोंदियात अजून सांगितली जाते. तसलं काही माझ्या नावावर नाही. माझ्या नावावर काही नाल्या आहेत, काही दिवे आहेत, आणि चुका मात्र भरपूर आहेत. त्यातून जे शिकलो, ते क्रमानं सांगतो.

1. ‘होऊन जाईल’ ही उधारी आहे

पहिल्या टर्मचा पहिला महिना. गल्लीच्या टोकाला राहणारी एक म्हातारी दुकानात आली. तिच्या घरासमोरच्या खांबावर दिवा नव्हता आणि रात्री नालीत पाय जायचा. मी नवा होतो, गळ्यातले हार अजून सुकले नव्हते. म्हटलं, “होऊन जाईल जी, आई.”

ती पुढच्या महिन्यात आली. मी म्हटलं, होऊन जाईल. त्याच्या पुढच्या महिन्यातही आली. आठव्या महिन्यात ती आली तेव्हा तिचा पाय मुरगळलेला होता. चिडली नव्हती. शांतपणे म्हणाली, “बाबू, तू पहिल्याच दिवशी नाही म्हटलं असतं, तर मी बॅटरी घेऊन टाकली असती.”

हा बोल मला वीस वर्षं पुरला. ‘होऊन जाईल’ म्हणताना आपल्याला वाटतं, आपण समोरच्याला धीर दिला. खरं म्हणजे आपण त्याचा दुसरा उपाय काढून घेतलेला असतो. तो बॅटरी घेत नाही, दुसऱ्याकडे जात नाही, शेजाऱ्यांना गोळा करत नाही. तुमच्या शब्दावर विसंबून थांबून राहतो. त्या आठ महिन्यांत मी त्या खांबासाठी एकही कागद लिहिला नव्हता. दिवा नव्हता ती अडचण होती, आणि तो लागेल असं सांगून मी तिला आठ महिने अंधारात ठेवलं होतं.

त्यानंतर माझी उत्तरं तीनच राहिली. ‘हे होईल, अमुक महिन्यात.’ ‘हे माझ्या हातात नाही, अमुक ठिकाणी जावं लागेल.’ आणि ‘हे होणार नाही.’ तिसरं उत्तर द्यायला जीभ वळायला मला जवळजवळ दहा वर्षं लागली.

2. वहीला दोन रकाने हवेत

त्या म्हातारीनंतर मी एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही आणली. दुकानदार उधारी लिहितात तसली. डावीकडे ‘सांगितलं’, उजवीकडे ‘झालं’. तारीख दोन्हीकडे.

सुरुवातीला डावा रकाना भराभर भरायचा आणि उजवा कोरा. वही उघडायची लाज वाटायची, तरी दर रविवारी उघडायचो. मग तिसरी गोष्ट लिहायला लागलो: आवक क्रमांक. तोंडी सांगितलेलं काम सरकारी कचेरीत जन्मालाच येत नाही. अर्ज टपालात दिला, त्यावर शिक्का पडला, नंबर पडला, की त्याला जन्म मिळतो. मग तो कुठं अडकला हे विचारता येतं. ‘माझं ते काम काय झालं’ असं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘बघतो भाऊ’. ‘अमुक नंबरचा, अमुक तारखेचा अर्ज कुणाच्या टेबलावर आहे’ असं विचारलं, की खुर्चीवरचा माणूस उठून कपाटाकडे जातो. मी हे रागावून नाही, हसत विचारायचो. 2015 मध्ये लोकसेवा हक्काचा कायदा आला आणि कोणता दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे हे ठरलं. तेव्हा मी लोकांना एवढंच सांगायचो: पोच घ्या. पोच नसलेल्या अर्जाचे दिवस कुणी मोजत नाही.

वहीचा खरा उपयोग मात्र मला 2020 च्या मार्चमध्ये कळला. टाळेबंदी लागली आणि कुणाच्या घरी काय हवं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वीस वर्षांच्या वह्या काढल्या. कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कुणाला कायमचं औषध लागतं, कुणाचं रेशन कार्ड अर्धवट आहे, हे सगळं जुन्या तक्रारींत लिहिलेलं होतं. दुपारपर्यंत यादी तयार झाली. तक्रारींची वही म्हणजे वॉर्डाची कुंडली, हे तेव्हा समजलं.

3. काम करण्याआधी ते कुणाचं आहे हे शोधा

लोकांच्या लेखी नगरसेवक म्हणजे सरकार. नळाला पाणी नाही, नगरसेवक. लाईट गेली, नगरसेवक. रेशन मिळालं नाही, पोरीचा दाखला अडला, गाय रेल्वे लाइनीवर गेली, नगरसेवक. पहिली दोन वर्षं मलाही तसंच वाटायचं, म्हणून मी सगळीकडे धावायचो आणि कुठंच पोहोचायचो नाही.

हळूहळू नकाशा डोक्यात बसला. गोंदियाला पाणी येतं ते वैनगंगेवरच्या डांगोरलीहून, आणि ती योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण चालवतं. उन्हाळ्यात नदी आटली की पुजारीटोला धरणाचं पाणी कालव्यातून सोडायची मागणी होते, म्हणजे तिथं पाटबंधारे खातं आलं. एक रस्ता नगर परिषदेचा असतो, त्याला येऊन मिळणारा सार्वजनिक बांधकाम विभागाचा. रेल्वे लाइनीनं शहराचे दोन भाग केलेत. तिच्या हद्दीतल्या नालीला हात लावायचा तर रेल्वेची परवानगी लागते. आणि त्या म्हातारीच्या दारातला खांब? खांब तेव्हाच्या वीज मंडळाचा, 2005 नंतर महावितरणचा. त्यावरचा दिवा मात्र नगर परिषदेचा. आठ महिने मला एवढंही ठाऊक नव्हतं.

त्या काळी आणखी एक गोष्ट होती. जिल्हा भंडारा होता. जिल्हाधिकाऱ्यांकडचं काम निघालं की गोंदियाहून रेल्वेनं भंडारा रोड, म्हणजे वरठीला उतरायचं आणि तिथून गाडी करून भंडाऱ्याला. साहेब दौऱ्यावर असले की दिवस वाया. 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा झाला. लोकांनी फटाके फोडले, मी मनातल्या मनात गाडीभाडं मोजलं. अंतर कमी झालं म्हणून कामं आपोआप झाली असं नाही. पण ‘जाऊन आलो, साहेब नव्हते’ हे कारण मात्र संपलं. ते कारण मला फार सोयीचं होतं, हे तेव्हा ध्यानात आलं.

नव्या सदस्याला मी सांगतो, पहिले सहा महिने भाषण देऊ नका. कोणती नाली कुणाची, कोणता दिवा कुणाचा, एवढं पाठ करा.

4. पैसा कुठून येतो ते कळेपर्यंत टाळ्या घेऊ नका

पहिल्या टर्ममध्ये घरपट्टी वाढवायचा विषय आला. दर चार वर्षांनी घरांची नव्यानं आकारणी होते, तिला आम्ही ‘चतुर्थ वार्षिक’ म्हणतो. मी उभा राहिलो आणि गरिबांच्या नावानं असा बोललो की गॅलरीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दुकानात लोक चहा पाजायला आले. इतका आनंद मला निवडून आलो तेव्हाही झाला नव्हता.

पुढल्या पावसाळ्यात माझ्या वॉर्डातल्या दोन कच्च्या गल्ल्यांत चिखल झाला. मी मुरूम मागितला. लेखापालानं समोर कागद सरकवला. स्वनिधीत पैसा नव्हता. स्वनिधी म्हणजे काय, तर मुख्यतः घरपट्टी. ज्या गरिबांच्या नावानं मी टाळ्या घेतल्या, तेच गुडघाभर चिखलातून जात होते. ज्यांची दुमजली घरं होती आणि ज्यांची पट्टी खरंच वाढली असती, त्यांच्या दारात सिमेंटचा रस्ता आधीच होता.

जिल्हा झाला त्याच वर्षी, 1999 मध्ये, नगर परिषदांची जकात बंद झाली. व्यापाऱ्यांची कटकट गेली हे बरंच झालं. पण गावाच्या वेशीवर रोज जमा होणारा पैसा गेला आणि त्याच्या बदल्यात शासनाचं अनुदान आलं. रोजचं रोख उत्पन्न आणि वरून येणारं अनुदान यांतला फरक दुकानदाराला सांगावा लागत नाही. त्यानंतर आमचं बरंचसं राजकारण ‘कोणत्या योजनेतून’ या दोन शब्दांत मावायला लागलं. नगरोत्थान, दलित वस्ती सुधार, वित्त आयोग, जिल्हा नियोजन. प्रत्येक पैशावर कुठं खर्च करायचा ते लिहिलेलं असतं. एका योजनेतला पैसा दुसऱ्या कामाला वळवता येत नाही, मग ते काम कितीही गरजेचं असो.

मी शिकलो ते असं: करवाढीला विरोध जरूर करा, पण कुणावर किती पडते आणि नाही वाढवली तर कोणाचं काम राहतं, हे दोन्ही सांगून करा. नुसता विरोध ही पण उधारीच.

5. सभागृहात आवाज नाही, कागद ऐकू येतो

एकदा एका ठरावाविरुद्ध मी वीस मिनिटं बोललो. घसा बसला. महिन्याभरानं इतिवृत्त हातात आलं. त्यात माझ्या वीस मिनिटांची एक ओळ होती: ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’ मी तावातावानं लिपिकाकडे गेलो. तो जुना माणूस होता, निवृत्तीला आलेला. चष्मा पुसत म्हणाला, “भाऊ, तुमचा विरोध लेखी कुठं आहे? तुम्ही मत मागितलं का? हात वर झाले का?” तिन्ही गोष्टी मी केल्या नव्हत्या. बोलून झाल्यावर, मन हलकं झालं म्हणून, मी खाली बसलो होतो.

चूक माझी होती. त्या दिवसापासून मी विषयपत्रिका रात्री वाचायला लागलो, टिपणीसकट. सभेत विरोध दोन वाक्यांत आणि लेखी द्यायला लागलो. ‘आयत्या वेळचे विषय’ आले की कान टवकारायला शिकलो. 1965 चा नगर परिषद अधिनियम जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणला. त्यातलं कलम 308 मला दुसऱ्या टर्ममध्ये समजलं. ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध असेल, तर जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. सभेत एकटा पडलेला सदस्यही एक नीट लिहिलेला अर्ज घेऊन जाऊ शकतो. मी ते आयुष्यात दोनदाच वापरलं. पण मला ते माहीत आहे हे इतरांना माहीत असणं, हे अनेकदा पुरलं.

एकटं पडायची भीती वाटली की मी महात्मा फुल्यांची आठवण काढायचो. फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे होते. त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा विषय आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणून फुल्यांनी विरोध केला, आणि त्या विरोधात ते एकटे होते. ठराव पास झाला. फुले हरले. दीडशे वर्षं होत आली, ज्यांनी हात वर केले त्यांतल्या कुणाचं नाव आपल्याला सांगता येत नाही.

6. आधी नाली, मग रस्ता

हा धडा मला सर्वांत महाग पडला.

दुसऱ्या टर्ममध्ये माझ्या वॉर्डातल्या एका गल्लीला सिमेंटचा रस्ता मिळाला. गल्ली जुनी, घरं बसकी, कौलारू. लोक बरेच दिवस मागत होते. मी नारळ फोडला, पेढे वाटले, फोटो काढला. इस्टिमेटमध्ये नाली नव्हती. अभियंत्यानं मला विचारलंही होतं, “भाऊ, नाली पुढच्या वर्षी घेऊ का, का थांबायचं?” मी म्हटलं, आधी रस्ता होऊ द्या. निवडणुकीला वर्ष राहिलं होतं आणि रस्ता दिसतो, नाली दिसत नाही.

जुन्या रस्त्यावर मुरूम, मुरुमावर खडी, खडीवर सिमेंट. नवा रस्ता चांगला फूटभर वर आला. घरांची जोती होती तिथंच राहिली. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात गल्लीचं पाणी रस्त्यावरून उतरलं आणि थेट घरांत शिरलं. आमच्याकडचा पाऊस माहीत असेल तर कळेल. धानाला लागतो तो पाऊस, एकदा बसला की दोन दिवस उठत नाही. रात्री अकराला मला बोलवायला आले. मी गेलो तेव्हा एका घरात तांदळाचा डबा पलंगावर ठेवला होता आणि पलंगाखाली पाणी. घरातल्या बाईनं मला शिवी दिली नाही. तिनं खाली पाण्याकडे पाहिलं, मग दारातून नव्या रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “रस्ता चांगला झाला जी.”

त्या रात्री आम्ही टिकाव-फावडी घेऊन रस्त्याच्या कडेनं चर खणला. पुढच्या वर्षी नाली आली, पण तिच्यासाठी नवा रस्ता कडेनं फोडावा लागला. म्हणजे दोनदा खर्च. फोटो दुकानात लावला होता, तो मीच काढून टाकला.

तेव्हापासून कुठलंही काम पाहायला गेलो की पहिला प्रश्न विचारतो: पाणी कुठं जाणार? उतार कोणत्या बाजूला? नाली शेवटी कशाला मिळते? जुना थर खरवडून काढणार, का त्याच्यावरच घालणार? आपल्या गावांत रस्त्यावर रस्ता चढत जातो आणि घरं खाली खाली जातात. पाचव्या थरानंतर माणसाला आपल्याच घरात उतरून जावं लागतं.

7. वॉर्ड पाहायचा तर पहाटे पाहा

सकाळी दहाला पांढरे कपडे घालून फिरलं तर वॉर्ड स्वच्छ दिसतो, कारण तोवर सफाई कामगार जाऊन आलेला असतो. मी पहाटे पाचला निघायला लागलो. झाडूवाली बाई, घंटागाडीवाला, नाली काढणारे दोघं, त्यांचा जमादार. यांना नावानं ओळखायला लागलो. कुठं नाली रोज तुंबते, कोण रात्री प्लास्टिक टाकतं, कोणत्या ढाप्याखाली विटांचा ढीग आहे, हे त्यांना जितकं ठाऊक असतं तितकं कुठल्याही नकाशात नसतं. नाली साफ करणाऱ्याला हातमोजे आणि बूट मिळालेत का, हे पाहणं ही माझ्या पहाटेच्या फेरीतली पहिली गोष्ट झाली. तसं पाहणं सुरू करायला मी सात वर्षं लावली, हे सांगताना अजून बरं वाटत नाही.

8. सोडतीची चिठ्ठी घरापर्यंत येते

दोन टर्म झाल्या आणि आरक्षणाची सोडत निघाली. चिठ्ठीत माझा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. संध्याकाळी कार्यकर्ते घरी आले. एकानं हसत म्हटलं, “काही फरक पडत नाही भाऊ, वहिनी उभ्या राहतील. काम तुम्हीच पाहाल.” मी पण हसलो. मलाही तसंच वाटत होतं.

बायको चहा घेऊन बाहेर आली. कप ठेवले आणि म्हणाली, “उभी राहीन. पण मग सभेत मी बसीन, सही मी वाचून करीन, आणि हे दुकानात पंक्चर काढतील. चालेल का?”

कुणी काही बोललं नाही. मीही नाही. माझं ते गप्प बसणं म्हणजेच उत्तर होतं, आणि तिनं ते बरोबर वाचलं. ती उभी राहिली नाही. मी शेजारच्या वॉर्डातून लढलो आणि हरलो. आज मला वाटतं, ती उभी राहिली असती तर वॉर्डाला माझ्यापेक्षा चांगला सदस्य मिळाला असता. ती पहिल्या दिवशीच ‘नाही’ म्हणू शकत होती.

2011 मध्ये महिलांचं आरक्षण निम्म्यावर आलं. माझ्या शेवटच्या टर्ममध्ये, 2017 पासून, एका प्रभागात दोन सदस्य होते आणि माझ्यासोबतची सदस्य माझ्या पोरीच्या वयाची होती. पहिल्या सभेला तिच्यामागं तिचा नवरा फाईल घेऊन आला होता. तिसऱ्या सभेला ती फाईल तिच्या हातात होती. ती मला ‘काका’ म्हणायची आणि भर सभेत माझ्या इस्टिमेटमधली चूक दाखवायची. दोन्ही गोष्टींचा मला अभिमान वाटायचा. दुसऱ्याचा जरा उशिरा.

9. हरल्यावर रस्ता रुंद होतो

शेजारच्या वॉर्डात मी हरलो, कारण तिथल्या लोकांनी साधं गणित केलं. एक काका तर तोंडावर म्हणाले, “तुमी चांगले आहा जी, पण आमचे नाही.” निकालानंतर आठवडाभर दुकानात कुणी आलं नाही. ज्यांच्या सायकली खरंच पंक्चर होत्या, तेवढेच आले. मग मला मोजता आलं, किती जण माझ्याकडे यायचे आणि किती पदाकडे.

ती पाच वर्षं माझ्या फार कामाची ठरली. रांगेत उभं राहून दाखला काढला. नळपट्टी भरली. ‘उद्या या’ ऐकलं. खिडकीच्या या बाजूला उभं राहिल्याशिवाय त्या बाजूचं काम समजत नाही. प्रत्येक सदस्याला एकदा तरी हरवलं पाहिजे, असं मी मित्रांना सांगतो. कुणाला पटत नाही.

10. टर्म संपते, वॉर्ड संपत नाही

2022 च्या सुरुवातीला आमची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणुका आज होतील, उद्या होतील म्हणता म्हणता जवळजवळ चार वर्षं गेली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये निवडणुका घ्यायला सांगितलं आणि राज्यातल्या नगर परिषदांचं मतदान डिसेंबरमध्ये झालं. त्या चार वर्षांत मी कुणाचाच प्रतिनिधी नव्हतो. तरी लोक यायचे. शहरातून मुर्रीपर्यंत यायचे. मी अर्ज लिहून द्यायचो, कुणाकडे द्यायचा ते सांगायचो, पोच घ्यायला लावायचो. अर्धी कामं तशीच व्हायची. मग मनात यायचं, वीस वर्षं मी स्वतःला जितका लागणारा समजत होतो, तितका लागत होतो का?

मुर्रीला आल्यावर आणखी एक गोष्ट पाहिली. इथं ग्रामसभा भरते. येणारे थोडे, बोलणारे त्याहून थोडे, पण ज्याला विचारायचं आहे तो सरपंचाला चारचौघांत समोर बसून विचारू शकतो. शहरात आमच्या सभेला लोक गॅलरीत बसायचे, प्रश्न आम्हीच आम्हाला विचारायचो. मी पहिल्यांदा ग्रामसभेत मागच्या ओळीत बसलो, तेव्हा समोर बसून विचारणं किती अवघड आहे हे कळलं.

परवाची गोष्ट. शेजारचा माणूस सकाळी आला. त्याच्या दारातली नाली तुंबली होती. मी त्याला बसवलं, वही काढली, तारीख टाकली. म्हटलं, “ही नाली ग्रामपंचायतीची आहे. मी सदस्य नाही. अर्ज लिहून देतो, तुमची सही लागेल, पोच घ्यायची. पहिला पाऊस या नालीतून जाईल असं मला वाटत नाही, तोवर दारात विटांचा बांध घाला.”

त्यानं सगळं ऐकून घेतलं. अर्ज घडी करून खिशात ठेवला. चप्पल घालता घालता तो थांबला आणि जरा नाराजीनंच म्हणाला, “तुमी पहिले चांगले होते म्हणतात जी. होऊन जाईल, असं तरी म्हणत होते.”

त्याला काय सांगणार? मी वहीच्या डाव्या रकान्यात नाली लिहिली. दुपारी पाहिलं तर तो दारात विटा मांडत होता.